पाणथळीवर कीटक-संशोधकांना मदत करायची आहे? मग हे वाचून जा

कीटकांचा अभ्यासक पाणथळीवर एकटा गेला की त्याची तारांबळ उडते. एका हातात जाळी, दुसऱ्या हातात पकडलेला चतुर; मग वेळ बघायची कोणी आणि नोंद लिहायची कोणी? म्हणून मदतनीस लागतात. त्यासाठी पदवी लागत नाही, किड्यांची नावं पाठ असावी लागत नाहीत. सांगितलेलं काम सांगितलेल्या पद्धतीनेच, कंटाळा न करता पुन्हा पुन्हा करायची तयारी मात्र लागते.

हे रुक्ष वाटतं खरं. पण जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या कीटक मंडळाचं काम बघा. या मंडळात हौशी अभ्यासकांचाच भरणा. त्यांनी ६३ संरक्षित जागांवर एकाच बनावटीचे सापळे लावले आणि सापडलेले कीटक दरवेळी एकाच पद्धतीने तोलले. २०१७ साली त्या नोंदींवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली: २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं होतं. मधल्या काळात कोणी सापळ्याची जाळी बदलली असती किंवा किडे जमा होणारी बाटली मनाला येईल तेव्हा काढली असती, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता. खाली सांगितलेल्या बऱ्याचशा किचकट सूचनांमागे हेच कारण आहे.

निघण्याआधी विचारून घ्या

पहिला प्रश्न: अभ्यास नेमका कशाचा? याच्या उत्तरावर तुमचा सगळा दिवस ठरतो. तळ्यावर कोणत्या जातींचे चतुर वाढतात हे शोधायचं असेल, तर उडणारे चतुर मोजून भागत नाही. चतुर भटके असतात. त्यांतली एक जात तर ऋतूनुसार समुद्र ओलांडून जाते. त्यामुळे तळ्यावर दिसलेला चतुर त्या तळ्यातलाच असेल असं नाही. अभ्यास पाण्याच्या प्रतीचा असेल, तर तुमचं बहुतेक काम चिखलात आणि किडे वेचायच्या पांढऱ्या ट्रेसमोर होईल.

दुसरा प्रश्न परवानगीचा. संरक्षित क्षेत्रात किडे पकडायला लेखी परवानगी लागते आणि बहुतेकदा तिच्यात माणसांची नावं, पद्धत, मुदत असं सगळं नमूद असतं. तुमचं नाव त्यात आहे का ते बघा, प्रत सोबत ठेवा. परवानगी संशोधनासाठी असते. स्वतःच्या संग्रहासाठी एखादा सुंदर भुंगेरा खिशात टाकलात तर गोत्यात येईल तो परवानगी काढणारा.

तिसरी गोष्ट विचारण्याची नाही, सांगण्याची आहे. काही पद्धतींत किडे मारावे लागतात. ते तुम्हाला जमणार नसेल तर आधीच सांगा, त्यात कमीपणा काही नाही. मोजणी, चतुरांनी टाकलेली कात गोळा करणं, फोटो, पाण्याची मापं अशी किडे न मारता करायची कामं भरपूर असतात. अर्ध्या दिवसात हात आखडता घेतला तर मात्र सगळ्यांचीच पंचाईत होते.

सामान

पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, पाणी, कोरडे मोजे, शिट्टी, भिंग, बारीक टोकाचा चिमटा. पेन्सिली दोन, कारण एक चिखलात पडणारच. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा मिळाला तर घ्या, तळाचं पुष्कळ काही दिसू लागतं.

गुडघ्याखालच्या पाण्याला गमबूट पुरतात. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे बुटांसकटची पाणी न शिरणारी विजार, घालणार असाल तर कमरेचा पट्टा बाहेरून घट्ट आवळा. पाय घसरून पडलात तर वेडरमध्ये पाणी भरतं आणि उठता येत नाही. पट्ट्यामुळे ते पाणी झपाट्याने खाली उतरत नाही.

डास पळवणारं मलम लावा, पण तळहातांना आणि बोटांना नको. ते कीटकांना घातक असतं. त्यात डीट हे रसायन असेल तर भिंगाच्या प्लास्टिकच्या कडा आणि घड्याळाची प्लास्टिकची काचसुद्धा खराब होते.

पाण्यात पाय टाकताना

एकट्याने उतरायचं नाही. हातात काठी, पुढचं पाऊल टाकण्याआधी काठीने खोली आणि तळ चाचपायचा. वरून हिरवळ दिसते तिथे खाली जमीन असेलच असं नाही, तरंगत्या वनस्पतींची गादीही असू शकते. पाय चिखलात रुतला तर तो सरळ वर ओढू नका, दुसराही रुततो. थोडं मागे रेला, वजन पसरवा आणि पाय हळूहळू हलवत चिखल सैल करा.

लव्हाळ्यात, पाणकणसाच्या बेटात न बघता हात घालू नका. विजेचा गडगडाट ऐकू आला की काम थांबवून पाण्याबाहेर. नमुना अपुरा राहिला तरी चालेल. अंगावर जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि त्याची लक्षणं बहुधा एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभरानेही दिसतात. त्यामुळे नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाणथळीत उतरल्याचं आपणहून सांगा. ते विचारतील याची वाट बघू नका.

एखादा पक्षी तुमच्याभोवती ओरडत घिरट्या घालू लागला तर जवळ घरटं असावं. आल्या पावली मागे फिरा आणि संशोधकाला सांगा.

आणखी एक, ज्यावरून नव्या लोकांना हमखास बोलणी बसतात: कामांचा क्रम. आधी पाण्याची मापं, म्हणजे तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा. मग उडणाऱ्या कीटकांची मोजणी. जाळी सगळ्यात शेवटी. कोणी उत्साहाने आधीच पाण्यात शिरलं की तळाचा गाळ वर येतो, चतुर उडून जातात आणि त्या जागेची त्या दिवसाची मापं वाया जातात.

उडणाऱ्यांची मोजणी

आधी दोन गट ओळखायला शिका. चतुर बसला की पंख आडवे पसरून बसतो, अंगाने दणकट, उडायला जोरकस. टाचणी नावाप्रमाणे बारीक. बहुतेक टाचण्या बसल्यावर पंख मिटून पाठीवर धरतात. काही टाचण्या अर्धे पंख उघडे ठेवतात, तेव्हा डोळे बघा. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब असतात. चतुराचे बहुधा डोक्यावर एकमेकांना टेकलेले किंवा टेकायला आलेले. पहिल्या दिवशी एवढं आलं तरी तुम्ही उपयोगाचे.

मोजणी ठरलेल्या वाटेवर चालत करतात. ही रीत मुळात फुलपाखरांसाठी बसवलेली. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची देशव्यापी मोजणी तिच्यावरच चालते. तुमच्याभोवती एक काल्पनिक चौकट धरायची: डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर, समोर पाच मीटर. चौकटीत आलेलं मोजायचं, बाहेरचं कितीही देखणं असलं तरी सोडायचं. तळ्यासाठी मापं बदलतात, ती संशोधक सांगेल. चौकट पाळण्याचं तत्त्व तेच.

जोडीने काम करा. एकाने बघून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि लिहिलेलं परत म्हणून दाखवायचं. मागे वळून मोजायचं नाही. काही चतुर नर काठाच्या एका पट्ट्यावर सारखे येरझारा घालतात; तोच नर चार वेळा समोरून गेला तर नोंद एकाचीच. जात ओळखू येत नसेल तर ‘लाल चतुर, जात अनिश्चित’ असं सरळ लिहा. ओढूनताणून लावलेलं नाव पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही, ‘अनिश्चित’ मात्र नोंद म्हणून टिकते.

सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, तापमान, ढग, वारा हे दरवेळी लिहा, काहीही दिसलं नाही तरी. किंबहुना तेव्हा तर नक्कीच. रिकामा रकाना बघून ‘गेले होते आणि दिसलं नाही’ की ‘गेलेच नाहीत’ हे कळत नाही. शून्य दिसलं तर शून्य लिहायचं.

पकडण्याची वेळ आली तर जाळी किड्याच्या मागून फिरवा आणि लगेच मनगट वळवून तिचं तोंड बंद करा. चतुर बाहेर काढताना चारही पंख पाठीवर एकत्र मिटवून अंगठा आणि तर्जनीत हलके धरायचे. पाय किंवा शेपटी धरायची नाही. पण पंख काचेसारखे नवे, लकाकणारे दिसले, अंग फिकट आणि उडणं अडखळत असेल, तर त्याला हातच लावू नका. तो नुकताच कातेतून बाहेर आलाय. पंख अजून मऊ आहेत, तुमच्या बोटांनी ते कायमचे दुमडतील.

काही अभ्यासांत पंखावर बारीक आकडा लिहून सोडतात. त्यातून एकूण संख्येचा अंदाज निघतो. समजा पहिल्या फेरीत ६० चतुरांना खूण केली. पुढच्या फेरीत ५० पकडले, त्यांत १० खुणेचे निघाले. पकडलेल्यांत पाचवा हिस्सा खुणेचा, तर तळ्यावरच्या सगळ्यांतही पाचवाच हिस्सा खुणेचा असणार असं धरलं, की एकूण संख्या येते सुमारे ३००. हे गणित तेव्हाच बसतं, जेव्हा खुणेमुळे चतुर लंगडत नाही, पक्ष्याला सहज सापडत नाही आणि तुम्ही खुणेचे चतुर मुद्दाम शोधत नाही. शेवटचं कठीण जातं, कारण ओळखीचा आकडा दिसला की हात आपोआप तिकडे वळतो.

कात शोधणं

सगळ्यांत माझ्या आवडीचं काम हे. चतुराचं बालपण पाण्यात जातं. वाढ पूर्ण झाली की निंफ, म्हणजे पाण्यातलं पिल्लू, एखाद्या काडीवर चढतं, पाठीवर चिरतं आणि आतून पंखांचा चतुर निघतो. कात तिथेच चिकटून राहते. ती भिंगाखाली धरा: पाठीच्या चिरेतून पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचं अस्तर, कात टाकताना तेही बाहेर ओढलं जातं. अनुभवी माणूस नुसत्या कातेवरून जात सांगतो. ही जात याच पाण्यात वाढली याचा इतका पक्का पुरावा दुसरा नाही, आणि त्यासाठी एकही किडा मारावा लागत नाही.

वाऱ्या-पावसाने काती गळून जातात, म्हणून पाऊस होऊन गेल्यावर लगेच शोधण्यात अर्थ नसतो. काठाचा ठरावीक लांबीचा पट्टा घ्या. काड्यांच्या दोन्ही बाजू, पानांची खालची बाजू, काठावरचे दगड बघा. कात हळूच ओली केली की पाय न मोडता सुटते. कोरड्या डबीत ठेवा, प्रत्येक पट्ट्याची डबी वेगळी. सापडलेल्या सगळ्या काती घ्या, मोठ्या आणि चांगल्या तेवढ्याच निवडू नका.

पाण्यातली जाळी आणि पांढरा ट्रे

पाण्यातल्या जाळीची कड एका बाजूने सपाट असते, म्हणजे ती तळाला टेकते. छिद्रं साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तळ्याच्या सर्वेक्षणात नमुना बहुधा तीन मिनिटांचा असतो आणि ती तीन मिनिटं वेगवेगळ्या अधिवासांत वाटून द्यायची असतात: उघडा तळ, बुडालेल्या वनस्पती, काठाची मुळं. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. जाळी चालू असते तेवढाच वेळ धरायचा. चालण्यात, थांबण्यात गेलेला नाही.

मग जाळी उलटी करून ट्रेमध्ये रिकामी करायची, वर थोडं स्वच्छ पाणी घालायचं. समोर नुसता चिखल आणि कुजलेली पानं दिसतील. घाई करू नका, ट्रे सावलीत ठेवा आणि दोन मिनिटं बघत बसा. गाळ खाली बसला की एखादी काडी चालू लागते: ती ट्रायकोप्टेरा गटातली अळी, काड्या-वाळूचं घर अंगावर घेऊन फिरणारी. शेपटीला तीन चपट्या पानांसारखे कल्ले असलेलं बारीक पिल्लू टाचणीचं. शेपटीला लांब, नाजूक धागे आणि पोटाच्या बाजूंना फडफडणारे कल्ले असतील तर ते मेफ्लाय नावाच्या नाजूक किड्याचं. जाडजूड, शेपटीविना, मागून पाण्याचा फवारा सोडून पुढे झेपावणारं चतुराचं. लालभडक वळवळणाऱ्या अळ्या कायरोनोमिड माश्यांच्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने त्या अगदी कमी ऑक्सिजनच्या गाळातही तगतात. म्हणूनच ट्रेमध्ये लाल अळ्याच अळ्या आणि मेफ्लाय एकही नाही असं दिसलं की संशोधक भुवया उंचावतो.

चतुराची पिल्लं आणि पाणभुंगेऱ्यांच्या अळ्या वेगळ्या नळ्यांत टाका. हे शिकारी आहेत. सगळे एकत्र ठेवले तर घरी पोचेपर्यंत नमुन्यातली निम्मी मंडळी त्यांच्या पोटात. उताणा पोहणारा पाण-ढेकूण चिमट्याने उचला, तो चावतो आणि चांगलंच झोंबतं. पाठीवर अंड्यांचा थर असलेला मोठा पाण-ढेकूण मिळाला तर तो नर आहे. काही जातींत अंडी तोच सांभाळतो. फोटो काढा, मोजा आणि संशोधकाने वेगळं सांगितलं नसेल तर सोडून द्या.

ट्रेमधले नुसते मोठे आणि हलणारे किडे वेचण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याला उपाय म्हणजे ट्रेचे मनातल्या मनात चौकोन पाडून एकेक चौकोन संपवत जाणं.

सापळे

मलेज सापळा तंबूसारखा दिसतो. १९३० च्या दशकात स्वीडनच्या रेने मलेज यांनी तो बनवला आणि क्रेफेल्डला वापरले तेही याच प्रकारचे. उडता किडा मधल्या जाळीच्या भिंतीवर आपटतो, उजेडाच्या दिशेने वर चढतो आणि कोपऱ्यातल्या बाटलीत जातो. तुमचं काम म्हणजे दोऱ्या ताणलेल्या ठेवणं, भिंतीला टेकणारं गवत दूर करणं आणि बाटली ठरलेल्या दिवशीच बदलणं. उद्गम-सापळा पाण्यावर तरंगतो आणि खालच्या तेवढ्याच पाण्यातून बाहेर पडणारे किडे धरतो. कडेला फट राहिली तर आकड्यांना अर्थ उरत नाही. रंगीत वाडग्यांत पाणी आणि साबणाचे दोन थेंब असतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि किडा बुडतो. हे वाडगे त्याच दिवशी रिकामे करा, नाहीतर माल सडतो. रात्रीच्या प्रकाश-सापळ्याला चांदण्यात कमी किडे येतात, म्हणून चंद्राची आणि ढगांची नोंद हवीच.

लेबल

नमुना कितीही चांगला असो, लेबल नसेल तर तो नुसता मेलेला किडा. लेबल बाटलीच्या आत टाकायचं, कारण बाहेरचं चिकटवलेलं गळून पडतं आणि झाकणं अदलाबदल होतात. जाड कागद, पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि दुसऱ्या दिवशी हाती येतो कोरा कागद आणि निळसर द्रव.

लेबलवर जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नमुना क्रमांक. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर. तारखेत महिना अक्षरांत किंवा रोमन आकड्यांत. ०४-०७ हे ४ जुलै की ७ एप्रिल, हे वीस वर्षांनी संग्रहालयात बसलेल्या माणसाला कसं कळणार? ‘वरीलप्रमाणे’ असं लेबलवर कधीच लिहू नका.

शरीररचना बघायची असेल तर साधारण ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालतं, डीएनएसाठी ९५ किंवा अधिक. बाटली निम्म्याहून जास्त किड्यांनी भरू नका. किड्यांच्या अंगातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलावं लागतं. अल्कोहोल पेट घेतं. बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

परत आल्यावर

दमलेले असलात तरी दोन कामं त्याच दिवशी उरकायची. पहिलं, नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून संशोधकाला पाठवणं आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी आठवणीत आहेत तोवर पूर्ण करणं. अशी नंतर घातलेली नोंद वेगळ्या रंगात करा. चूक खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर ते लिहा.

दुसरं, सामान धुणं. जाळीच्या शिवणीत, बुटाच्या खाचांत शेवाळाचे तुकडे, गोगलगायींची अंडी, बेडकांना मारणाऱ्या बुरशीचे बीजाणू लपून राहतात आणि तुमच्याच पायांनी पुढच्या तळ्यात पोचतात. चिखल जागेवरच झाडून घ्या. घरी आल्यावर ४५ अंश किंवा त्याहून गरम पाण्यात १५ मिनिटं बुडवा आणि पूर्ण वाळवा. लागोपाठच्या दिवशी दोन तळी करायची असतील तर जाळ्या आणि बूट दोन जोड लागतील, हे संशोधकाला आधीच सांगून ठेवा.

नमुन्यांची ओळख पटायला महिने लागतात, कारण ट्रेमधली कित्येक पिल्लं जातीपर्यंत ओळखायला सूक्ष्मदर्शक आणि त्या गटाचा जाणकार दोन्ही लागतात. तेव्हा दर आठवड्याला ‘काय निघालं?’ विचारू नका. पण यादी तयार झाली की तुमच्या नमुना क्रमांकांसकट तिची प्रत मागून घ्या आणि काढलेल्या फोटोंशी ताडून बघा. पुढच्या मोसमात ‘अनिश्चित’ लिहावे लागणारे चतुर कमी होतील.